चित्र आहे, आवाज नाही : घरच्या व्हिडिओफिती नव्या रूपात नेताना

(शब्बाथ संपल्यानंतर प्रार्थनालयाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)



आजच्या व्याख्यानाचा विषय तांत्रिक आहे. परंतु तो ज्या वस्तूंशी निगडित आहे त्या आपल्या सर्वांच्या घरी आहेत. कपाटाच्या वरच्या फळीवर एक खोका असतो. त्यात विवाहाच्या, मेहंदीच्या, बार मिट्झ्वाच्या आणि मलिद्याच्या व्हिडिओफिती असतात. काही भारतातून सामानाबरोबर आल्या, काही येथेच चित्रित झाल्या. त्यांतील पुष्कळशा आता संगणकावर उतरविल्या गेल्या आहेत, आणि हे काम केलेल्या कुटुंबांकडून एकच तक्रार वारंवार कानी येते : ‘चित्र उत्तम आले आहे, आवाज मात्र नाही.’

ही तक्रार लहान नव्हे. आपल्यापुरते बोलायचे तर या फितींत चित्रापेक्षा आवाजाचे मोल अधिक आहे. चेहरा छायाचित्रातही राहतो. परंतु आजीचे मराठी, कोकणातल्या गावाचे वळण असलेले ते बोलणे, हळदीच्या दिवशी म्हटलेली गाणी, मलिद्याच्या ताटाभोवती बसून एलियाहू हनबीचे नाव घेत गाइलेली पदे, कीर्तनाची चाल, हे सारे केवळ आवाजातच उरते. कित्येक घरी ही गाणी कोणी लिहूनही ठेवलेली नाहीत. येथे जन्मलेली आपली मुले हिब्रूतून विचार करतात. आपल्या घरात मराठी कसे बोलले जात असे हे उद्या त्यांना ऐकावेसे वाटले, तर याच फितींकडे वळावे लागेल. आवाज गेलेल्या फितीत आजीचे केवळ ओठ हलताना दिसतील.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रूपांतर करताना हरवलेला आवाज बहुतेक वेळा नष्ट झालेला नसतो. तो कोठे अडला आहे हे क्रमाने शोधता येते, आणि बहुतेक वेळा तो परत मिळतो. मात्र त्यासाठी मूळ फाईल जपलेली असली पाहिजे.

डबा आणि आतील जिन्नस

आवाज कोठे अडतो हे समजण्यासाठी प्रथम व्हिडिओ फाईल म्हणजे काय ते पाहू. आपल्याला ती एक वस्तू वाटते. प्रत्यक्षात ती स्वयंपाकघरातील मिसळणाच्या डब्यासारखी असते. झाकण एक, आत वाट्या अनेक. एका वाटीत चित्र असते, दुसरीत आवाज. कधी तिसऱ्या वाटीत दुसऱ्या भाषेतील निवेदन असते, तर चौथीत पडद्याखाली दिसणारी अक्षरे. फाईलच्या नावाच्या शेवटी जी अक्षरे असतात, एव्हीआय, एमओव्ही, एमपी४, एमकेव्ही इत्यादी, ती फक्त डब्याचे नाव सांगतात. वाट्यांत काय भरले आहे हे त्यावरून कळत नाही.

हे डबे वेगवेगळ्या काळी तयार झाले. एमओव्ही हा ॲपलच्या क्विकटाइमबरोबर १९९१ मध्ये आला. एव्हीआय मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणला. एमपी४ची रचना पुढे क्विकटाइमच्याच पायावर उभारली गेली आणि ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली. एमकेव्हीचा आरंभ २००२ मधील. प्रत्येकाचे नियम निराळे आहेत.

आता वाटीतील जिन्नस. आवाज जसाच्या तसा साठविला तर फार जागा व्यापतो, म्हणून तो एका ठरावीक पद्धतीने आवळून ठेवतात. या पद्धतीला कोडेक म्हणतात. घरच्या फाईलींत साधारणपणे पाच प्रकार आढळतात. पीसीएम म्हणजे न आवळलेला आवाज. एसी-३ ही डॉल्बीची पद्धत; ती डीव्हीडीवर आणि अनेक कॅमेऱ्यांत वापरलेली आढळते. एमपी३ सर्वांना ठाऊक आहे. एएसी ही आजच्या मोबाइल फोनांची नेहमीची पद्धत. आणि एएमआर ही जुन्या मोबाइल फोनांची, मुख्यतः दूरध्वनीवरील संभाषणासाठी घडविलेली पद्धत. फरक किती पडतो ते पाहा : दोन वाहिन्यांचा, म्हणजे स्टिरिओ, पीसीएम आवाज तासाला सुमारे ६९० मेगाबाइट जागा घेतो, तोच सेकंदाला १९२ किलोबिट या दराने एएसीत आवळला तर सुमारे ८६ मेगाबाइटमध्ये मावतो.

प्रत्येक डबा प्रत्येक जिन्नस स्वीकारत नाही, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. एमकेव्हीचा डबा जवळजवळ सर्व काही सामावून घेतो. एमपी४ चोखंदळ आहे. एएसीला तेथे हक्काची जागा आहे. साध्या पीसीएमला मात्र दीर्घकाळ नव्हती. न बसणारा जिन्नस समोर आला की काही प्रोग्रॅम थांबून अडचण सांगतात. काही प्रोग्रॅम ती वाटीच वगळतात, चित्र नव्या डब्यात ठेवतात आणि ‘काम पूर्ण झाले’ असा संदेश देतात. हे दुसऱ्या प्रकारचे प्रोग्रॅम अधिक घातक, कारण काही हरवल्याचे आपल्याला कळतच नाही.

रूपांतराचे मार्गही दोन आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पहिल्या मार्गात वाट्या जशाच्या तशा उचलून नव्या डब्यात ठेवायच्या. यात चित्राची वा आवाजाची प्रत किंचितही उतरत नाही आणि काम मिनिटांत होते. दुसऱ्या मार्गात जिन्नस बाहेर काढून नव्या पद्धतीने पुन्हा आवळायचा. यात वेळ लागतो आणि प्रत थोडी उतरते. या दोहोंच्या मधला मार्गही आहे : चित्राची वाटी जशीच्या तशी उचलायची आणि आवाज तेवढा एएसीत बदलायचा. आज मी ज्या अडचणी सांगणार आहे त्यांतील बहुतेकांवर हाच उपाय आहे.

आवाज खरोखर गेला आहे काय?

मुकी फाईल हाती आली की तिची पुन्हा पुन्हा रूपांतरे करीत बसू नये. प्रथम तीन परीक्षा कराव्यात.

पहिली परीक्षा कानाची. यंत्राचा आवाज बंद नाही ना, दुसरी एखादी फाईल त्याच यंत्रावर ऐकू येते ना, हे पाहावे. मग कानाला लावायचे हेडफोन जोडून मुकी फाईल पुन्हा ऐकावी. हेडफोनवर ऐकू येणारा आणि फोनवर नाहीसा होणारा असाही आवाज असतो. त्याचे कारण पुढे सांगतो.

दुसरी परीक्षा व्हीएलसीची. पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेला हा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. बहुतेक सर्व कोडेक उलगडण्याची सामग्री तो स्वतःबरोबर बाळगतो. संगणकात ती असो वा नसो. व्हीएलसीत आवाज आला आणि फोनवर वा दूरदर्शन संचावर आला नाही, तर निदान झाले : आवाज फाईलमध्ये सुखरूप आहे, त्या यंत्राला तो उलगडता येत नाही एवढेच.

तिसरी परीक्षा यादीची. मीडियाइन्फो नावाचा आणखी एक विनामूल्य प्रोग्रॅम फाईल न वाजविता डब्यातील वाट्यांची यादी दाखवितो. त्या यादीत चार गोष्टी वाचाव्यात. ध्वनीची नोंद आहे काय आणि किती नोंदी आहेत; कोडेक कोणता; वाहिन्या किती; आणि ध्वनीची लांबी चित्राच्या लांबीइतकी आहे काय. हीच यादी मूळ फाईलचीही काढावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. मूळ यादीत दोन ध्वनी आहेत आणि नव्या यादीत एक, असे दिसले की काय गळले हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

या परीक्षांचे निष्कर्ष तीन प्रकारचे असतात. ध्वनीची नोंद आहे आणि व्हीएलसीत तो वाजतो : केवळ कोडेकची अडचण. नोंद आहे, पण ऐकू काहीच येत नाही : वाटी आहे, पण रिकामी किंवा चुकीची. नोंदच नाही : रूपांतरात ध्वनी गळला, आणि आता मूळ फाईलकडेच परतले पाहिजे.

जेथे आवाज अडतो ती ठिकाणे

आता आपल्या घरांतील साहित्य एकेक करून पाहू.

पहिले, डीव्हीडी आणि हार्ड डिस्कवर चित्रण करणारे कॅमेरे. यांत आवाज बहुधा एसी-३ असतो. २००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्यांतही तो सर्रास आढळतो. अशी फाईल एमपी४ डब्यात हलविली तर आवाजही त्याबरोबर जातो, परंतु अनेक फोन आणि ब्राउझर एसी-३ उलगडत नाहीत. कुटुंबाला वाटते आवाज गेला. प्रत्यक्षात तो शाबूत असतो. उपाय मधल्या मार्गाचा : चित्र तसेच ठेवावे, आवाज एएसीत बदलावा.

डीव्हीडीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. तिच्यावर व्हीओबी नावाच्या अनेक फाईली असतात. ज्या फाईलच्या नावाच्या शेवटी शून्याचा अंक असतो ती अनुक्रमणिकेची असते, आणि तीत आवाज नसणे स्वाभाविक आहे. मुख्य चित्रण एक या अंकापासून सुरू होते. दुसरे असे की काही वेळा आरंभीची काही सेकंदे निःशब्द असतात आणि ध्वनीचा प्रवाह उशिरा सुरू होतो. रूपांतर करणारा प्रोग्रॅम फाईलचा केवळ आरंभ तपासतो, तेथे त्याला ध्वनी सापडत नाही आणि तो चित्र तेवढे घेऊन पुढे जातो. एफएफएमपेग या प्रोग्रॅमला अशा वेळी ‘फाईलचा अधिक मोठा भाग तपासून मग ठरव’ अशी सूचना देता येते.

दुसरे, छायाचित्रांच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी घेतलेले व्हिडिओ. सहलीचे, वाढदिवसाचे असे तुकडे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते एव्हीआय किंवा एमओव्ही डब्यात असतात आणि आवाज पीसीएम किंवा तशाच जुन्या पद्धतीचा असतो. त्यांना वाट्या न उघडता एमपी४मध्ये ढकलले की मघाशी सांगितलेली निमूट गळती होते. येथेही आवाज एएसीत बदलावा. ते जमत नसेल तर एमपी४चा हट्ट सोडून एमकेव्हीचा डबा घ्यावा. तेथे पीसीएम विनातक्रार राहतो.

तिसरे, जुन्या मोबाइल फोनांच्या ३जीपी फाईली. यांत एएमआर आवाज असतो. तो सेकंदाला आठ हजार नमुने घेऊन टिपलेला असल्याने मुळातच बसका असतो; परंतु कित्येकांच्या वडिलांचे शेवटचे शब्द अशाच फाईलींत आहेत. आजची अनेक यंत्रे त्या वाजवीत नाहीत. व्हीएलसी बहुधा वाजवितो. त्यातील आवाज एएसीत बदलून घ्यावा आणि मूळ फाईलही ठेवावी.

चौथे, मिनीडीव्ही. १९९५च्या सुमारास हे छोटे कॅसेट आले आणि पुढे दहा-बारा वर्षे आपले बहुतेक समारंभ त्यांवर चित्रित झाले. त्यांच्या दोन खोडी आहेत. एक अशी की संगणकावर उतरविताना डीव्हीची फाईल एव्हीआय डब्यात दोन प्रकारे ठेवली जाई. पहिल्या प्रकारात चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात गुंफलेले असतात. दुसऱ्या प्रकारात आवाजाची स्वतंत्र वाटीही असते. काही प्रोग्रॅम स्वतंत्र वाटी शोधतात, पहिल्या प्रकारात ती त्यांना दिसत नाही, आणि ते फाईल मुकी समजतात. एफएफएमपेग दोन्ही प्रकार ओळखते.

दुसरी खोड अधिक महत्त्वाची आहे. मिनीडीव्ही कॅमेऱ्यात आवाज टिपण्याच्या दोन रीती होत्या. सोळा बिटांच्या रीतीत दोन वाहिन्या टिपल्या जात. बारा बिटांच्या रीतीत चार वाहिन्यांची, म्हणजे दोन जोड्यांची जागा असे. पहिल्या जोडीत समारंभाचा मूळ आवाज. दुसरी जोडी मोकळी, नंतर निवेदन भरण्यासाठी. एका कुटुंबाने दाखविलेले उदाहरण सांगतो. विवाहाच्या चित्रणावर आजीने पुढे सवडीने बसून निवेदन केले होते : हा कोणाचा मुलगा, ती कोणत्या गावची, कोणाची कोण लागते. रूपांतर करून आलेल्या फाईलमध्ये फक्त वाजंत्री आणि गलका ऐकू येत होता. आजीचे बोलणे फितीवर उमटलेच नसावे, असे घरच्यांनी मानले होते. मूळ डीव्ही फाईलची यादी काढली तेव्हा तीत ध्वनीच्या दोन नोंदी होत्या. रूपांतर करणाऱ्याने पहिली घेतली होती. दुसरीत आजी होती, आरंभापासून शेवटपर्यंत. मूळ फाईल तासाला सुमारे तेरा गिगाबाइट जागा घेते, म्हणून ती पुसून टाकण्याचा विचार त्या घरी चालला होता. ती राहिली, म्हणून आजीने सांगितलेले नातेसंबंध आज त्या घराला ठाऊक आहेत.

पाचवे, एकाहून अधिक भाषांचे ध्वनी. समजा, एखाद्या कुटुंबाने आपला चित्रपट दोन निवेदनांसह करून घेतला, एक हिब्रू आणि एक मराठी. एफएफएमपेगला वेगळी सूचना दिली नाही तर ते प्रत्येक प्रकारची एकच वाटी उचलते : ज्या ध्वनीच्या वाहिन्या अधिक तो, आणि समान असतील तर पहिला. हँडब्रेक या लोकप्रिय प्रोग्रॅममध्येही नेहमीच्या मांडणीत साधारणतः एकच ध्वनी निवडलेला असतो. म्हणजे हिब्रू पहिली असेल तर मराठी गळते, आणि फाईल वाजत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. एफएफएमपेगला ‘सर्व प्रवाह घे’ असे स्पष्ट सांगावे लागते. हँडब्रेकमध्ये ध्वनीच्या विभागात जाऊन प्रत्येक ध्वनी स्वहस्ते जोडावा लागतो. आपल्या घरात मराठी जेव्हा दुसऱ्या क्रमांकावर असते, तेव्हा ही सूचना देण्याची आठवण ठेवणे आपलेच काम आहे.

सहावे, वाटी आहे पण रिकामी. व्हीएचएस फिती उतरविताना हे घडते. लाल व पांढरी अशा दोन वायरींपैकी एकच जोडलेली असते आणि आवाज एकाच कानात येतो. किंवा संगणक फितीऐवजी स्वतःच्याच मायक्रोफोनकडे कान लावून बसतो आणि आपल्या खोलीतील पंख्याचा आवाज टिपतो. येथे रूपांतराचा दोष नाही. फीत पुन्हा उतरविणे हाच मार्ग. मघाशी म्हटलेला, हेडफोनवर ऐकू येणारा पण फोनवर नाहीसा होणारा आवाजही याच वर्गातला. डाव्या आणि उजव्या वाहिन्यांतील लहरी एकमेकींच्या नेमक्या उलट असल्या की एकाच स्पीकरवर एकत्र येताना त्या परस्परांना खोडून टाकतात. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये दोन वाहिन्या वेगळ्या करून एकच ठेवली, किंवा एक उलटी केली, की आवाज परत येतो.

जपणुकीचे नियम

निदान आणि उपाय झाले, आता पथ्य. मी पाच नियम सुचवितो.

एक : रूपांतरित फाईल संपूर्ण तपासल्याखेरीज मूळ फाईल पुसू नये. खरे तर त्यानंतरही पुसू नये. साठवणुकीची जागा पुन्हा विकत घेता येते.

दोन : तपासणी कानांनी करावी. आरंभ, मध्य आणि शेवट येथे प्रत्येकी काही मिनिटे, एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनवर ऐकावे. पडद्यावर लहान चित्र सरकताना पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नये. आवाज गेल्याचे ध्यानात न येण्याचे कारण बहुधा हेच असते की फाईल पाहिली जाते, ऐकली जात नाही.

तीन : एक फाईल प्रथम करून पाहावी, मग उरलेल्या पन्नास. सर्व फाईली एकदम रूपांतरित केल्या की एकच दोष पन्नास ठिकाणी पसरतो.

चार : दोन प्रती दोन निरनिराळ्या डिस्कवर, शक्यतो दोन निरनिराळ्या घरी असाव्यात. नातलगांना व्हॉट्सॲपवर पाठविलेला व्हिडिओ ही प्रत समजू नये. पाठविताना तो पुन्हा आवळला जातो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे फाईल बदलत नाही.

पाच : फाईलसोबत एक साधे टिपण ठेवावे. कोण बोलत आहे, कोठे, कोणत्या वर्षी, कोणते गाणे, आणि ध्वनी किती आहेत. ज्यांना हे सांगता येते ती माणसे अद्याप आपल्यात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न (एक ज्येष्ठ गृहस्थ) : भाऊ, संगणकाचे मला काहीच कळत नाही. दुकानात फिती देताना मी नेमके काय मागावे?

उत्तर : काका, चार गोष्टी कागदावर लिहून द्या. फितीवरून प्रथम उतरविलेली फाईल जशीच्या तशी मिळावी. तिच्यासोबत रोज पाहण्यासाठी एमपी४ प्रत मिळावी, तीत आवाज एएसी असावा. फितीवरील ध्वनीच्या सर्व वाहिन्या घ्याव्यात. आणि मूळ फिती परत मिळाव्यात. नंतर पैसे देण्यापूर्वी तेथेच, आपल्या स्वतःच्या फोनवर, थोडे ऐकून घ्या. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न (एक भगिनी) : आमच्याकडे मूळ फाईल राहिलेली नाही. आवाज नसलेली एमपी४ तेवढी आहे. काही करता येईल काय?

उत्तर : ताई, प्रथम मीडियाइन्फोने यादी पाहा. ध्वनीची नोंद असेल तर आशा आहे. नोंदच नसेल तर त्या फाईलमधून आवाज निर्माण करता येणार नाही. असे कोणी आश्वासन दिले तर विश्वास ठेवू नका. परंतु शोध तेथे संपत नाही. मूळ फीत घरी असेल तर ती पुन्हा उतरविता येते. कॅमेऱ्याचे कार्ड, विवाहात वाटलेल्या डीव्हीडी, मुंबईत वा अन्यत्र राहणाऱ्या नातलगांकडील प्रती, ज्याने रूपांतर केले त्याच्या संगणकावरील फोल्डर, हे सर्व विचारून पाहा. आणि मूळ फाईल अलीकडेच पुसली गेली असेल तर त्या डिस्कवर नवे काहीही साठवू नका. पुसलेली फाईल तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पुष्कळदा परत मिळविता येते.

प्रश्न (एक तरुण) : आमच्या फाईलमध्ये आवाज आहे, पण तो ओठांच्या मागे पडतो.

उत्तर : तो मागे पडण्याचे अंतर आरंभी आणि शेवटी सारखेच आहे काय, हे प्रथम पाहा. सारखे असेल तर ध्वनीची सुरुवात चुकलेली आहे. व्हीएलसीत ध्वनी पुढे-मागे सरकवून नेमके अंतर शोधता येते आणि तेवढे सरकवून नवी फाईल करता येते. अंतर वाढत जात असेल तर फीत उतरविताना चित्रे गळली असण्याचा संभव अधिक. अशा वेळी दुरुस्तीपेक्षा फीत पुन्हा उतरविणे बरे.

प्रश्न (तोच तरुण) : इंटरनेटवर विनामूल्य रूपांतर करून देणारी संकेतस्थळे आहेत. ती वापरावीत काय?

उत्तर : लहानसहान, खासगी नसलेल्या फाईलसाठी हरकत नाही. घरच्या चित्रणासाठी मी तसा सल्ला देणार नाही. आपल्या घरचे चेहरे आणि बोलणे परक्या यंत्रावर पाठविण्याची गरज नसते, कारण तेच काम आपल्या संगणकावर विनामूल्य होते. शिवाय कोणती वाटी उचलली आणि कोणती वगळली हे तेथे आपल्याला दिसत नाही, आणि आजच्या विषयाचे मर्म तर तेच आहे.

मंडळी, वेळ झाली आहे. मीडियाइन्फो कसे वापरायचे हे शिकायला अर्धा तास पुरतो, आणि मागच्या रांगेतील मुलांना तर तेवढाही लागणार नाही. त्यांना माझी विनंती आहे की या आठवड्यात त्यांनी आजी-आजोबांच्या खोक्यातील एक फाईल घ्यावी, तिची यादी काढावी आणि ती आजी-आजोबांना शेजारी बसवून ऐकावी. जे मराठी समजणार नाही ते त्यांना विचारावे आणि लिहून ठेवावे.